पंचफुलाच्या लघवीतला पू

बोरगावची पंचफुला वर्ध्याच्या एका जीनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. नवरा डोमाजी तिथंच हमाल होता. बायांसाठी आडोसा म्हणून नव्हताच. पुरुषांच्या देखत भिंतीमागं जायची लाज वाटे, म्हणून ती दिवसभर पाणीच टाळायची, लघवी दाबून धरायची.

त्या हिवाळ्यात लघवीला आग व्हायला लागली. पुढं हुडहुडी भरून ताप आला, पाठ ठणकू लागली. तेव्हा कुठं ती दवाखान्यात गेली. लघवी तपासल्यावर कंपाउंडर म्हणाला, “पू निघाला. डॉक्टरीणबाई उद्या भेटतील, सकाळीच येजो.”

पू म्हटल्यावर पंचफुलाला भाऊ आठवला, तानबा. त्याला खिळा रुतला होता. पायात पू झाला, मांडीपर्यंत चढला अन् भाऊ गेला. आता आपणही आतून सडून राह्यलो, एवढंच तिच्या डोक्यात बसलं.

घरी लेक जिजा गळ्यात पडायला धावली. पंचफुलानं तिला हातानंच थोपवलं. आपली थाळी वेगळी काढली.

“काऊन वेगळी बसली?” डोमाजीनं विचारलं.

“आंग दुखते.”

दिवेलागणीला ती शेजारच्या कमलाकडं गेली. “मी नाई राह्यली तं जिजाले पाहाजो. तिले जीनात नोको धाडू.”

कमलानं सगळं खोदून काढलं अन् सकाळी स्वतःच तिला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, “तुझं अंग सडलं नाही. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. जंतू शिरले की त्या तिथं धावून जातात, जंतूंशी झगडतात. त्याच तुझ्या लघवीत जास्त दिसल्या. त्यालाच पू म्हणतात.”

“मंग लेकीले लागन का हे?”

“नाही. पण ताप आहे, पाठ दुखते, म्हणजे दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलं असेल. अंगावर काढलंस तर जिवावर बेतेल. गोळ्या पूर्ण घे, पाणी भरपूर पी. लघवी दाबू नकोस.”

“जीनात जागाच नाई, बाई.”

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पुडी तिच्या हातात ठेवली.

गोळ्यांनी ताप उतरला, आग थांबली. पुन्हा तपासणीला आली तेव्हा मात्र बाटली देऊन ती निकाल येईपर्यंत दाराशीच उभी राहिली.

“आता दोन-तीनच पेशी दिसतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“म्हंजे अजून हायेत?”

“एवढ्या कोणाच्याही लघवीत असतात.”

सोबत आलेला डोमाजी हसला. पंचफुला हसली नाही. तिनं तेच पुन्हा एकदा विचारून घेतलं, मगच घरची वाट धरली.

पुढं जीनातल्या कोण्या बाईला असा त्रास झाला, की पंचफुला तिला हाताला धरून दवाखान्यात नेई. निकाल येईपर्यंत ती बाई ओसरीवर बसून राही, अन् पंचफुला मात्र दाराशी उभीच.