नातीच्या ऑफिसातलं ओलाव्याचं मशीन

"कोणतंबी पाणी चालतंय आजी," म्हणला दुकानदार. लबाड मेला!

जय भीम मंडळी. माझी नात वकील. उदगीर जिल्हा होणार म्हणून तिनं इथं ऑफिस टाकलं. एसीच्या कोरड्या हवेनं तिचा घोळणा फुटतो, म्हणून हवेत ओल सोडणारं छोटं मशीन आणलं.

असल्या दुष्काळात त्यात प्यायचं जारचं पाणी कोण ओतील? आज मी बोअरचं खारं पाणी भरलं. थोड्या वेळात टेबलावर, फायलींवर पांढरी भुकटी!

पक्षकार हसला, "आजी, पीठ चाळलं काय?"

नात मात्र खोकून खोकून लाल झाली. "आजी, बंद कर. दम लागून राहिला."

मशीन बंद केलं, तर संध्याकाळी पुन्हा नाकातून रक्त.

खाऱ्या पाण्यावर चालणारं मशीन मिळतं का? ज्याच्या घरी बोअरचंच पाणी हाय, त्यानंच सांगावं. विकणाऱ्यानं तोंड उघडू न्हाई.