जुना पत्ता

ऑफिसात त्यांना सगळे मामा म्हणत. वेबसाइटचं नाव टाइप केलं की तिचा पत्ता शोधून देणारे सर्व्हर मामांच्या ताब्यात होते. एखादी साइट नव्या मशीनवर, म्हणजे नव्या पत्त्यावर हलवली की साहेबांची घाई सुरू व्हायची, "जुनं मशीन बंद करा!"

मामा खेकसायचे, "आपण पत्ता बदलला, पण लोकांच्या कॉम्प्युटरांच्या डोक्यात अजून जुनाच आहे. ते विसरेपर्यंत जुनंही चालू राहील. दार लावून कोणी शहाणं होत नाही!"

मग मामांनी घर बदललं आणि त्यांचे वडील संध्याकाळी फिरून आले की जुन्याच घराची बेल वाजवू लागले.

"त्यांना एकटं सोडूच नका," बायको म्हणाली.

मामा तडक जुन्या घरी गेले. तिथल्या नव्या भाडेकरूबाईंना म्हणाले, "बाबा आले तर आत बसवा आणि मला फोन करा. विसरतील हळूहळू."

महिन्याभराने बाबा फिरून थेट नव्या घरी आले. मामांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच बाईंचा फोन आला, "बाबा आले नाहीत आज? चहा गार होतोय."

बाबांनी फोन हिसकावला. "आलोच गं!" म्हणत चपला शोधू लागले.

मामांनीच त्या पुढे केल्या.