हळदीत उकळलेली बुरशी

"फुसकी निघाली तुमची दवाई!" सोनबा बारई म्हणाला आणि त्याने सुकलेली नागवेल माझ्या टेबलावर टाकली.

तेव्हा मध्यप्रांत होता. मी नागपूरच्या सरकारी लॅबोरेटरीत असिस्टंट होतो. सोनबाचा पानमळा रामटेकला. त्याची पानं वैद्य औषधासोबत द्यायला, अनुपान म्हणून, मागून नेत. मळ्यात मर रोग शिरला होता. म्हणजे जमिनीतली बुरशी मुळं कुजवते आणि वेल उभ्याउभ्या सुकते. निम्मा मळा गेला होता. आजाने लावलेलं बेणं ते, उरलेल्या ओळी गेल्या की वंशच बुडाला!

आम्ही लॅबमध्ये एक हिरवी बुरशी वाढवत होतो. ती त्या वाईट बुरशीलाच खाते. काट्याने काटा काढायचा, दुसरं काय! कोंड्यावर वाढवून टोपलीभर सोनबाला दिली होती, मुळाशी टाकायला. कुंड्यांमध्ये तर छान चाललं होतं.

लॅबचे साहेब म्हणाले, "फेल्युअर आहे. फाइल बंद करा."

"एकदा मळा बघून येतो, सर."

"एकदाच हं."

नवी टोपली घेऊन मी रामटेकला गेलो. सोनबाच्या बायकोने, भागाबाईने ती घेतली आणि सरळ चुलीकडे निघाली. चुलीवर हळदीचं पाणी खळखळत होतं.

"अहो बाई, हे काय करता?"

"उकळून राहिली ना! मागच्या खेपेलेबी उकळलं."

"पण काहून?"

सोनबाच चिडला. "बुरशी व्हय थे, साहेब! मळा म्हणजे देवीचं ठाणं. आम्ही जोडा घालून आत जात नाही, अन् सडकी चीज तशीच टाकू?"

मी कपाळावर हात मारला. हसूही येत होतं, रडूही. त्या भक्तीने माझी बुरशी शिजवून मारली होती.

"भागाबाई, विरजण उकळून लावता का हो?"

"इश्श! मंग दही कसं लागंल?"

बोलली आणि तिने टोपली चुलीपासून दूर सरकवली. मग सोनबाकडे बघून म्हणाली, "अगा, जित्तं हाये थे!"

शेवटी शुद्धीपुरतं टोपलीवर बाहेरून हळदीचं पाणी शिंपडलं. आतलं तसंच मुळाशी गेलं. उरलेल्या ओळींतल्या थोड्या वेली गेल्या, बाकीच्या तगल्या. बेणं वाचलं. साहेबांनी रिपोर्टवर "पुरावा अपुरा" असा शेरा मारला. बरोबरच होतं ते, एका मळ्याने काय सिद्ध होतं?

पुढच्या हंगामात गेलो, तर कोंड्याची टोपली देवीच्या शेजारी. मी हात पुढे केला तशी भागाबाई कडाडली, "आधी पाय धुवा, साहेब!"

औषध जिवंत असेल, तर तेवढं आधी सांगावं. पुढचं सोवळं लोक आपसूक पाळतात.