चुन्याखालची अक्षरं

चुनेवाले चाचा आमच्या पेठेतल्या जुन्या मशिदीची देखभाल करायचे. हळू बोलणं त्यांना जमतच नसे. "पावणं, चपला बाहेर!" ही आरोळी पार दूधकट्ट्यापर्यंत जाई. मी उलट पुटपुटणारी. मला म्हणायचे, "पोरी, तोंडात गूळ हाय काय? गिळ आन् बोल."

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षी ती आदिलशाहीतली मशीद मोजायचं काम माझ्याकडे आलं. मुलीने आत यावं का, या विचारात मी अर्धा तास दारातच उभी. चाचा ओरडले, "मोजायला आलीस न्हवं? मग ये की! भाईरनं मोजतीस व्हय?"

मशीद कुणी बांधली, असं विचारलं की ते एका भिंतीवर हात ठेवत. "हितं दगडावर लिवलंय." तिथं नुसता पांढरा चुना. त्यांच्या लहानपणी अक्षरं दिसायची म्हणे. पुढे दर रमजानआधी चाचांनीच ती भिंत रंगवली, चाळीसेक वर्षं. "हौसेनं मारलाय. दोन-दोन हात!"

आता मशिदीची कमिटी त्या भिंतीला टाइल्स बसवणार होती. सोमवारी मिस्त्री येणार. अक्षरांवर कुणाचाच विश्वास नव्हता. "चाचा, आधी डोळ्याचं ऑपरेशन करा," अध्यक्ष हसले.

रविवारी आम्ही दोघं ओलं फडकं आणि बांबूच्या चिपा घेऊन बसलो. चाचा असे खरवडत होते, की मीच किंचाळले, "चाचा, हळू!"

"गिळलास की गूळ!" ते खूश.

दुपारी दगडावरची उठावदार अक्षरं वर आली. अध्यक्षांनी चष्मा दोनदा पुसला. "तेवढा चौकोन सोडून टाइल्स लावा," म्हणाले.

फारसी जाणणारे एक निवृत्त मास्तर वाचायला आले. चाचांना सुलतानाचं नाव हवं होतं.

"सुलतान नाही," मास्तर म्हणाले. "गवंड्याने लिहिलंय. वाचेल त्याने माझ्यासाठी दुआ करावी, असं. त्याचं नाव मात्र झिजलंय."

चाचांनी त्या अक्षरांवर हात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे त्यो मागत हुता, आन् मी वरनं चुना फासत हुतो." ते हातपाय-तोंड धुऊन, वजू करून आले, हात उचलले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

गेल्या वर्षी चाचा गेले. पेठेत गेले की मी त्या चौकोनासमोर थांबते. मला दुआ येत नाही. मनातल्या मनात मराठीतच मागते. गवंड्याचं नाव ठाऊक नाही, म्हणून दोघांसाठी मिळून चाचांचंच नाव घेते.