साडूंची कबुतरं

साडूंनी काढलेली कबुतरं मी धूळ समजून पुसून टाकली.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी आम्ही दोघांनी मिळून काशीतला भोसले घाट काढला होता. डावीकडच्या पायऱ्या माझ्या, उजवीकडची दगडी इमारत आणि तिच्यावरचं आकाश त्यांचं. छापखान्यात दोन्ही कागद स्कॅन करून कॉम्प्युटरवर जोडायचे होते. डाग पुसायला मी हौसेनं माउस हाती घेतला. आठवडाभर मंगला गौरी मोहल्ल्यातल्या मराठी घरांतून त्या कबुतरांचंच कौतुक ऐकत होतो. माझ्या पायऱ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"भाईसाहब, कबूतर उड़ गए. वापस ले आऊँ?" ऑपरेटरनं विचारलं.

इथपर्यंत चूकच होती, शपथेवर सांगतो. पण "रहने दीजिए, आसमान साफ अच्छा लगता है" असं मी म्हणालो, ती मात्र चूक नव्हती.

स्मरणिका छापून आली. साडूंनी आमच्या घरी ते पान बराच वेळ न्याहाळलं. मीच स्कॅनरच्या काचेवरच्या धुळीची सविस्तर हकिकत सांगितली. ते गेल्यावर कपबशा उचलता उचलता बायको म्हणाली, "धूळ बरी नेमकी भावजींच्याच अर्ध्यावर बसली होती."