गुरुजींच्या नावाची लिंक

चंद्रपुरात आम्ही दोघं मिळून एक छोटंसं प्रकाशन चालवतो. दर आठवड्याला वाचकांना ईमेल जातो, आणि त्यातल्या लिंका आखूड करून देणारी एक सेवा आम्ही वापरतो. कोणी विचारलं तर सांगतो की लांबलचक पत्ता साध्या फोनवर तुटतो. खरं कारण वेगळं आहे. प्रत्येक वाचकाला त्याची स्वतंत्र लिंक देता येते, आणि ती कोणी, कधी, साधारण कुठून दाबली ते आम्हाला दिसतं. मला ते पाहायचं व्यसनच होतं. दुसऱ्याच्या घरात डोकावणंच ते, पण मी त्याला काम म्हणायचे.

भामरागडचे एक निवृत्त गुरुजी आमचे लेखक होते. त्यांच्या जंगलातल्या गोष्टींचं पुस्तक आम्ही काढलं, आणि एक गोष्ट त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ईमेलमधून वाचकांना आणि त्यांनाही पाठवली. त्याच पावसाळ्यात ते गेले. पुलावरून पाणी वाहत होतं, रस्ता बंद. मला मातीलाही जाता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात चहा घेत आकडे पाहत होते. गुरुजींच्या लिंकसमोर एक, म्हणजे ती कोणीतरी दाबली होती. वेळ सकाळी सहा, जिल्हा गडचिरोली. दुसऱ्या दिवशी सहालाच आणखी एक. मग रोज.

भागीदार हसला. "मशीन दाबत असन. तू काऊन भेऊन राह्यली?"

पण मशीनला सहाचीच वेळ कशाला लागते? गुरुजी सहाला उठायचे, हे मला माहीत होतं. सकाळी ऑफिसचं कुलूप काढायला माझा हात धजेना.

शेवटी भीतीपोटी मी एक केलं. आमच्या धंद्यात जुन्या लिंका नव्या पुस्तकाकडे वळवायची पद्धत आहे. पाठवलेला ईमेल तसाच राहतो, दाबल्यावर उघडतं ते तेवढं बदलतं. गुरुजींची लिंक मी पाककृतींच्या नव्या पुस्तकाच्या जाहिरातीच्या व्हिडिओकडे वळवली. दुसऱ्या दिवशी सहापासून ती एकोणीस वेळा दाबली गेली. मग काहीच नाही. त्या शांततेची मला जास्त भीती वाटली.

पाणी ओसरल्यावर त्यांच्या घरी गेले. गुरुजींच्या बायकोने, काकूंनी, आधी पाणी दिलं आणि मग गुरुजींचा फोन माझ्यासमोर ठेवला. काकूंना वाचता येत नाही. निळी ओळ कुठे दाबायची तेवढं गुरुजींनी शिकवून ठेवलं होतं.

"रोज सकाळी दाबत होती, ते गोष्ट सांगत," काकू म्हणाल्या. "मंग एक दिवस कोनी बाई भाजी शिकवाले लागली. लय दाबलं. ते आलेच नाई. माह्यं काही चुकलं काय, बाई?"

मला रडू आलं. "काकू, तुमचं काही नाई चुकलं. मीच बदलवलं," म्हणाले, आणि तिथेच माझ्या फोनवरून लिंक जागेवर आणली. मिनिटाचं काम. त्यांच्या फोनवर ओळ दाबली तसा गुरुजींचा आवाज खोलीत आला. काकूंनी अर्ध्यातच तो बंद केला.

"मले वाटे, मी बलावलं का ते येतेत," त्या म्हणाल्या. "तू चंद्रपुरात बसून त्याइले आनतं नि नेतं, हे मले माहीत नोतं. आता मी नाई दाबत."