अक्काच्या लिंबावरची गुळवेल

माझी थोरली जाऊ भांडायला लागली की मुरुमच्या बाजारात बैल दावं तोडतात. बाजार आमच्या शेतापासून चार कोसांवर आहे, म्हणजे मी कमीच करून सांगतेय. आम्ही तिला अक्का म्हणतो. म्हणावं लागतं.

वाटण्या झाल्या तेव्हा बांधावरचा कडुलिंब अक्काकडं गेला आणि लिंबावर चढलेली गुळवेलही. तिच्या काढ्यानं ताप तर पळायचाच, पण इतका कडू की पिणाऱ्याच्या मेलेल्या आज्याचंही तोंड वाकडं व्हायचं. चार वस्त्यांवरून लोक कांडं मागायला यायचे आणि अक्का बाजेवर बसून ती अंगारा दिल्यागत वाटायची. माझं काय काय गेलं ते मी सोसलं. हे मात्र बघवेना.

एकदा अक्का लेकीकडं गेली होती. मी विळा घेतला, हातभर कांडं कापलं आणि विहिरीजवळच्या माझ्या बाभळीच्या बुडात खोचलं. दोन वर्षांत वेल शेंड्याला गेली. अक्का आली, कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली.

"कुठली गं ही?"

"माहेरची," मी म्हणाले.

तेव्हापासून जुंपली. "बाभळीवरची गुळवेल म्हंजी सडकं दोरखंड," अक्का पाणंदीत उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "प्या आन् मरा!"

मी इकडून ओरडायची, "अक्का, वेलीपरीस तुमची जीभ उकळा की! लवकर गुण येईल!"

मागच्या वर्षी कॉलेजातून संशोधन करणाऱ्या एक मॅडम आल्या. ईट गावची, जळकोटची, जिल्हाभरच्या गुळवेलींची पानं आणि कांडी त्यांच्या पिशव्यांत होती, पिशवीपिशवीवर नंबर. त्या म्हणाल्या, गुळवेली दिसायला सारख्या, पण आतून निराळ्या. कुठली नर, कुठली मादी, कुणात औषध जास्त, कुणात कमी. आपलं रक्त तपासतात तशी पानं तपासली की तिचं घराणं कळतं.

अक्काला हेच हवं होतं. "हिची बी न्या, बाई! दुधाचं दूध, पाण्याचं पाणी हून जाऊ द्या!"

पानं चुगली करतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हणाले, "माझ्या वेलीला कीड लागलीय, मॅडम."

"मग तर न्यायलाच हवी," मॅडम म्हणाल्या आणि पिशवी उघडली.

त्यानंतर मी इतकी झुरले की माझी सावली पडायची बंद झाली. चोरी उघडी पडली असती तर या बांधावर मला पुन्हा मान वर करता आली नसती.

मॅडम परत आल्या त्या दिवशी अक्कानं लिंबाखाली सतरंजी अंथरून निम्मा तालुका बोलावला होता. मॅडमनी कागद उलगडला. "गंमत आहे, काकू. ईटची निराळी, जळकोटची निराळी. पण तुमच्या दोघींची मात्र एकच वेल आहे. एकीचं कांडं लावून दुसरी झालीय."

अक्का उभी राहिली. "ऐकलं का समद्यांनी? माहेरची म्हनं! चोरटी! माझ्या लिंबावरची कापून नेली हिनं!"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. पण जीभ माझी आहे. ती कुठं गप्प बसते? मी मॅडमना विचारलं, "कुणापासून कुणाची झाली, ते कागदात हाय का?"

"नाही. ते यातून नाही कळत."

"मग ऐका. माहेरचीच हाय. मी नवरी हून आले तवा आईनं ओटीत कांडं घातलं होतं. ते सासूबाईंनी माझ्याच हातानं ह्या लिंबाला लावून घेतलं. वाटणीत माझी वेल अक्काकडं गेली. मी बोलले का कधी?"

"खोटं! मी ह्या घरात आले तवा वेल होतीच की! सासूबाई असत्या तर..."

"त्या न्हाईत म्हणूनच तुमाला तोंड फुटलंय, अक्का."

लोकांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, वेल आधीपासून होती का. त्यानं बराच वेळ लिंबाकडं बघितलं. "वेल होती," तो म्हणाला. "नसंल बी."

लोक हसले. तेवढ्यानं झालं. कुणीतरी मागून म्हणालं, "दुसऱ्याच्या माहेरची वेल वाटून पुण्य कमावलं म्हणायचं!" अक्का काळीनिळी झाली. तिनं विळा आणला आणि सगळ्यांदेखत वेल बुडापासून कापली, ओढून खाली पाडली, माझ्या तुरीत भिरकावली. "घे! घाल मढ्यावर!" लोकांनी एकमेकांकडं बघितलं. अक्का खरी असती तर वेल कापली असती का, असं तिथल्या तिथं ठरलं.

मॅडमना गाडीपर्यंत पोचवायला मीच गेले. त्या हळहळत होत्या. "वाईट झालं. वेल एकच असली तरी झाड, माती, पाणी यानं फरक पडतो. औषध त्या लिंबावरच्या वेलीतच जास्त होतं. तुमच्या वेलीत फार कमी आहे."

"असं का," मी म्हणाले आणि गाडीचं दार लावून दिलं.

आता चार वस्त्या माझ्याकडं येतात. अक्काला गाव चोर म्हणतं. ती बांधावर उभी राहून मला शिव्या घालते आणि त्यातली एकही खोटी नसते. ताप उतरला नाही म्हणून कुणी परत आलं, तर मी कांडं दुप्पट देते.